वादळाचा शंकू आणि वाळूचा ढीग

मा. संपादक,
स. न.

चक्रीवादळाच्या बातमीसोबत पुढे रुंदावत जाणारा जो पट्टा, म्हणजे अंदाजाचा शंकू, छापला जातो, तो पुष्कळ वाचक वादळाचा आकार समजतात. शाळेत शंकू घनफळाच्या सूत्रावरच संपतो, हे त्याचे एक कारण असावे. शंकूचा खरा स्वभाव गुणोत्तरात आहे: टोकापासून जितके दूर जावे तितक्याच प्रमाणात त्रिज्या वाढते. कोन तोच ठेवून उंची दुप्पट केली की घनफळ आठपट होते.

वाळूच्या ढिगावर हे उत्तम दिसते. कोरडी वाळू सुमारे ३४ अंशांच्या उतारावर थांबते. वरून आणखी ओतली तर ती घसरते, ढीग वाढतो, उतार मात्र तोच राहतो. ओलसर वाळू यापेक्षा उभी राहते, कारण कणांमधले पाणी त्यांना धरून ठेवते. भास्कराचार्यांनी ११५०च्या लीलावतीत धान्याच्या राशीची रीत दिली आहे: परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणा. उंची जाड्या धान्याला परिघाचा दहावा भाग, बारीक धान्याला अकरावा आणि कुसळाच्या धान्याला नववा. हे उतार अनुक्रमे सुमारे ३२, ३० आणि ३५ अंशांचे होतात. कुसळे एकमेकांत अडकतात, तेव्हा ती रास सर्वांत उभट असणे स्वाभाविकच. किती नेमके निरीक्षण आहे हे!

या रीतीत π (पाय) ३ धरला असल्याने उत्तर सुमारे पावणेपाच टक्के जास्त येते. परीघ १२ मीटर आणि उंची १.२ मीटर असेल तर रीतीने ४.८ घनमीटर, प्रत्यक्षात ४.५८. एवढे चालून जाते. टेप उतारावरून लावणे मात्र चालत नाही. याच ढिगाची तिरपी उंची २.२६ मीटर भरते. तीच घनफळाच्या नेमक्या सूत्रात घातली तर घनफळ ८.६ घनमीटर, म्हणजे जवळपास दुप्पट. माथ्यावर काठी पाणसळीने समपातळीत धरावी आणि ढिगाबाहेर आलेल्या टोकातून ओळंबा सोडून उंची मोजावी.

मेक्सिकोत १९४३ मध्ये मक्याच्या शेतात फुटलेल्या पारिकुटिन ज्वालामुखीने वर्षभरात सुमारे ३३६ मीटर उंच शंकू उभा केला. तोही सुट्या खडकांचा ढीगच, म्हणून उतारही तिशीतलाच.

वादळाच्या अंदाजाच्या शंकूत मात्र भरलेली असते ती चूक. टोकाला वादळाचे आत्ताचे केंद्र. पुढे १२, २४, ४८ तासांसाठी, पूर्वीच्या अंदाजांत केंद्र किती चुकले होते त्यावरून वर्तुळे काढतात आणि ती बाहेरून जोडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या रूढ शंकूत मागच्या ५ वर्षांतल्या दोनतृतीयांश चुका मावतील एवढी त्रिज्या घेतात. म्हणजे साधारण तीनातून एकदा केंद्र वर्तुळाबाहेर जाते. वारा, पाऊस आणि समुद्राची उधाणे तर शंकूबाहेर दूरवर पोचतात.

नियोजनातला शंकू उलटा, त्याचे टोक शेवटी असते. अमेरिकी संगणकतज्ज्ञ बॅरी बोएम यांनी १९८१ मध्ये सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी मांडलेल्या आकृतीत सुरुवातीचा खर्चाचा अंदाज पावपटीपासून चौपटीपर्यंत चुकू शकतो. नुसते महिने उलटले म्हणून हा शंकू अरुंद होत नाही. काय करायचे आणि काय वगळायचे हे ठरले तरच होतो. मध्येच मागण्या बदलल्या की पुन्हा रुंदावतो. तरीही पहिल्याच बैठकीत एकच आकडा मागितला जातो आणि पुढे तोच करारात जातो.

आपल्या वृत्तपत्राने वादळाच्या नकाशाखाली अंदाजाची वेळ, केंद्र शंकूत राहण्याची शक्यता आणि शंकूबाहेरच्या कोणत्या भागांना इशारा आहे, एवढे छापावे. जागा अपुरी असेल तर शंकूच्या मधली रेघ गाळावी. ती दिसली की वाचक तिलाच वादळाचा मार्ग समजतात.

आपले,
गणित व भूगोलाचे काही शिक्षक