बॅटचा एक फटका म्हणजे फर्ग्युसन नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेसबॉलमधल्या तापट खेळाडूंवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचून वाईट वाटले. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी खेळाडू आणि पंच बॉब फर्ग्युसन याच्या वाट्याला आला तो फक्त १८७३ चा प्रसंग: पंच असताना त्याने नॅट हिक्स या कॅचरला (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) बॅट मारली, हिक्सचा हात मोडला. हे खरे आहे आणि त्याचे समर्थन कोणीच करू नये. पण हिक्सने फिर्याद द्यायला नकार दिला, दोघांचा समेटही झाला, हे का गाळले?

सामने सर्रास विकले जात त्या काळात प्रामाणिक म्हणून नाव होते ते याच माणसाचे. खेळाडू असतानाच तो नॅशनल असोसिएशन या त्या काळच्या व्यावसायिक बेसबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. १४ जून १८७० रोजी त्याच्या संघाने, ब्रुकलिनच्या अटलांटिक्सने, सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जची अपराजित घोडदौड अकराव्या डावात ८-७ अशी थांबवली. तेव्हा शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, उभ्या असलेल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज राइटला चुकवण्यासाठी एरवी उजव्या हाताने खेळणारा फर्ग्युसन डाव्या हाताने खेळला आणि विजयी धावही त्यानेच काढली. एवढ्या मोठ्या लेखात याला एक ओळही मिळू नये?

दिलेला निर्णय फिरवायचा नाही, हा त्याचा पंच म्हणून बाणा होता. त्याची किंमत मला ठाऊक आहे. तालुक्याच्या टेनिस बॉल स्पर्धांत मी बरीच वर्षे पंच होतो. एका अंतिम सामन्यात आयोजकांचा पुतण्या धावबाद झाला. बॅट क्रीजच्या वीतभर बाहेर होती. लगेच पंधरा-वीस जण मैदानात आले, कॉलर धरली. ‘सर, निर्णय फिरवा, नाहीतर मानधन विसरा,’ असे आयोजकांनी माइकवरून सांगितले. मी फिरवला नाही. मानधन आजतागायत मिळालेले नाही. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पत्रात बातमी आली, ‘पंचाच्या चुकीमुळे सामन्याला गालबोट.’ मला विचारायला कोणी आले नव्हते. पंच चिडला की बातमी होते, त्याला घेरणाऱ्यांची होत नाही. फर्ग्युसनवर लिहितानाही तेच झाले आहे.

आणखी एक. लेखासोबतच्या चित्रात त्याच्या हातात जाड गादीचा ग्लोव्ह दाखवला आहे. १८७० च्या त्या सामन्यात क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी चेंडू झेलत. पुढच्या रविवारी चित्राची दुरुस्ती आणि हिक्सच्या समेटाची ओळ, दोन्ही छापावीत ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पंच, बार्शी