सुऱ्याचं दुखणं आणि तुझ्याकडचा डग्गा

सोलापूर,
जानेवारी २०२५

प्रिय नंदू,

पत्र बघून दचकू नकोस, आपल्यातलं कुणी गेलेलं नाही. फोनवर हे सांगता येत नाही, कारण तू मध्येच "हो हो, कळलं" म्हणतोस आणि तुला काही कळलेलं नसतं. माझी शुगर आहे तशीच, हिचे गुडघेही.

आपल्या सुऱ्यानं गोळ्या बंद केल्यात.

त्या रविवारी, १५ डिसेंबरला, रात्री झाकीरभाई, तबल्याचे उस्ताद झाकीर हुसेन, गेल्याची बातमी आली. मग त्यांच्या घरच्यांनी सांगितलं, अजून आहेत, प्रार्थना करा. सोमवारी सकाळी पक्कं झालं. सुऱ्या नाकात नळी घालून रात्रभर टीव्हीसमोर. वहिनी म्हणाल्या, मध्ये "आहेत" असं कळल्यावर यानं चहा मागितला. पुढे आजाराचं नाव छापून आलं, इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिस. वहिनींनी पेपर गादीखाली सरकवला, पण हातातल्या मोबाईलचं काय करणार? सुऱ्यानं मला बोलावलं आणि स्वतःची फाईल पुढे टाकली. "बाळ्या, हेच की बे माझंपण?"

तुला आठवत असेल, मी पहिल्यापासून म्हणत होतो की त्याला सरळ नाव सांगू या. तू म्हणालास, नको, खचेल, फुप्फुसाला सूज आहे म्हणा. वहिनींनी तुझं ऐकलं. पुण्याच्या माणसाचं वजन जास्त. त्यावरून आपण दोघं किती दिवस बोललो नाही ते सोड. पण शेवटी नाव कळलं ते उस्तादांच्या मरणाच्या बातमीतून. हे मात्र मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

आता गंमत ऐक. तो खचला वगैरे काही नाही. उलट त्याला अभिमानच वाटतो लेका! भेटायला येणाऱ्याला सांगतो, "झाकीरभाईंचंच दुखणं आहे." गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पाव्हणेरावळे आले, त्या सगळ्यांना सांगून झालं. जन्मभर भजनी मंडळात ठेका धरला, तबल्यातला कायदा कधी धड आला नाही, पण आजार एकदम घराण्याचा. हसलो मी. आणि त्याच दमात तो म्हणतो, "अमेरिकेत, एवढ्या मोठ्या माणसाला उपाय सापडला नाही, तर मी कशाला गोळ्या गिळू?"

यावर काय बोलायचं सांग. त्या पिरफेनिडोन गोळीचं कामच असं आडमुठं आहे. फुप्फुसात जे कडक झालंय ते मऊ होत नाही, पुढचं कडक व्हायचा वेग तेवढा कमी होतो. म्हणजे फायदा कधी दिसायचा नाही, त्रास मात्र रोज दिसतो. मळमळतं, जेवण जात नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरीवाला माणूस ताकभातावर आलाय. त्यातून गोळी चालू असताना उन्हात जायचं नाही. सोलापुरात! डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा सुऱ्या म्हणाला, "मग गावच बदलायचं औषध द्या."

मागच्या तपासणीला डॉक्टरांनी मला त्याच्या पाठीवर स्टेथोस्कोप लावू दिला. श्वास आत घेतला की खाली, बरगड्यांच्या शेवटाला, बुटाचं वेल्क्रो हळूहळू उघडल्यासारखा आवाज. मी मान वर केली तर सुऱ्या विचारतो, "लयीत आहे का?" बोटं बघितलीस तर ओळखणार नाहीस. शेंडे फुगलेत, नखं पुढून वाकलीत. त्याच बोटांनी तो खाटेच्या कडेवर धिं धिं धा धा वाजवतो, दुसऱ्या आवर्तनात दम लागतो, मग नुसता मोजतो.

कारण कळलेलं नाही, असंच डॉक्टर म्हणतात. कापसाच्या धुळीनं होणारं दुखणं वेगळं, हे वेगळं. सुऱ्याला ते मान्य नाही. तीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला "कारण सापडत नाही" हे कसं पटवायचं? मला विचारशील तर मलाही पटत नाही, पण मी डॉक्टर नाही.

आणखी एक नवी खोड लागलीय. कुणी गेलं की आधी वय वाचतो. ऑक्टोबरात रतन टाटा, ८६. पाच दिवसांनी अतुल परचुरे, फक्त ५७. त्या दिवशी जेवला नाही. झाकीरभाई ७३. मग श्याम बेनेगल ९०, मनमोहन सिंग ९२. "हे दोघं पूर्ण मार्कांनी गेले," म्हणतो. स्वतःचं ६६ यांच्यात कुठं बसतं ते बघत असतो, हे मला कळतं, आणि मला कळतंय हे त्याला कळतं. मग आम्ही क्रिकेटवर बोलतो.

लाईट गेली की जीव टांगणीला. ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर चालतं, छोटा सिलिंडरही भरून ठेवलाय, पण लोक आले की नळी काढून उशीखाली ठेवतो. ओठ निळसर होतात तरी गप्पा चालूच.

तर काम असं आहे. वहिनींचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल असंही नाही, पण तुझ्याशी भांडायला त्याला आवडतं आणि भांडणात माणूस गोळी घेतो. "फायदा होईल" असं म्हणू नकोस, तो लगेच फाईल काढेल. हळदीचा काढा, कपालभाती, तुझ्या साडूचा तो वैद्य, यातलं काहीही आणू नकोस. आणि त्याचा डग्गा आण. तू म्हणशील तो मंडळाचा होता. नव्हता. पंच्याऐंशी साली नेलास, त्याच्या आईनं पैसे दिले होते, मी दुकानात सोबत होतो. परवा त्यानं स्वतःहून विचारलं, "नंद्याकडं आहे का बे अजून?"

मुलीचं ठरलं असं ऐकलं, अभिनंदन. तारीख कळव, आणि तुझ्या बायपासचं काय म्हणतात तेही.

हुतात्मानं ये, स्टेशनवर येतो मी. डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटली असेल तर तिकडं बदलू नकोस, तशीच आण. नवी कुणाकडून चढवायची यावरून त्याला दोन दिवस तरी डोकं खाता येईल.

तुझा,
बाळ्या