इसार परत केला, त्याबद्दल

वरूड,
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांना शि. सा. न. वि. वि.

बाबा, दादा सांगत होता, स्टेंट टाकल्यापासून तुम्ही जेवण कमी केलंय आणि रोज एकच विचारता, "संत्र्याच्या बगिच्याचा सौदा झाला का?" फोनवर बोलले असते तर तुम्ही ताडकन उठून बसला असता, म्हणून लिहिते. आई, सकाळच्या गोळ्या झाल्या की वाचून दाखव.

सौदा केला नाही. पोळ्याआधी व्यापारी शेठचा माणूस इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेऊन आला होता. त्याला चहा पाजला आणि इसार परत पाठवला. तोही फक्त माझ्या नावावरच्या वावराचा. धुऱ्यापलीकडची झाडं तुमची, त्यांचं तुम्हीच ठरवायचं. बाबा बरे होईपर्यंत थांबा, असं शेठला नीट सांगितलंय, शब्दाने दुखावलं नाही.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं निभलं ना. निभलं, बाबा, तुम्ही राबलात म्हणून. पण आंबिया बहार फुटतो जानेवारी-फेब्रुवारीत आणि पैसा दिसतो दिवाळीच्या आगेमागे. मधे खत, फवारणी, बांबू, मजुरी, वर घर. हात रिकामा असतो म्हणून आपण हिरवं फळ झाडावरच विकतो. गळ, गारपीट, मंडी, सगळा धोका व्यापारी दरातून आधीच कापून घेतो आणि तोडणीच्या वेळी भाव पडला की पुन्हा कापतो. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं, तेव्हा मार शेवटी आपल्याच चुकाऱ्याला, हातात येणाऱ्या पैशाला, बसला. आई, तुझ्या पाटल्यांचं मी काही लिहीत नाही.

म्हणून बहाराचा खर्च यंदा माझ्या नावावरच्या पीककर्जातून केला. ३ लाखांपर्यंतचं कर्ज वर्षाच्या आत फेडलं, तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत त्याला व्याज पडत नाही. इसाराला व्याज दिसत नाही, पण ते भावात वसूल होतं.

आता दुसरी गोष्ट. रागावू नका. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने फळांच्या प्रतवारीची आणि त्यांवर मेणाचा थर द्यायची मशीन बसवायला कर्ज घेतलंय, कृषी पायाभूत सुविधा निधीतून. त्यात २ कोटींपर्यंतच्या कर्जाला ७ वर्षं ३ टक्के व्याज सवलत असते आणि सरकारची पतहमीही मिळते. आपल्या सातबाऱ्यावर एक ओळही चढलेली नाही. ताजा उतारा दादाच्या फोनवर पाठवलाय, चष्मा लावून बघा. सातबाऱ्यावर कर्ज चढलं होतं, ते वर्ष पुन्हा येणार नाही, बाबा.

मार्चमध्ये मृग बहाराचा थोडा माल कात्रीने तोडून, प्रतवारी करून पाहिला. देठ ओढून तोडलेल्या फळाची साल वरून टवका उडाल्यासारखी फाटते, दोन-तीन दिवसांत तिथून बुरशी धरते आणि शेजारची फळंही जातात. कात्रीने कापलेलं फळ टिकलं. चुरी, म्हणजे बारीक फळं, वेगळी काढली तशी मोठ्या फळाला त्याचा स्वतःचा भाव आला. एरवी चुरी सगळा ढीग खाली ओढते. कंपनीला माल दिला की काही रक्कम लगेच, बाकी विक्रीनंतर. भाव चढला की किलोमागे थोडं बाजूला ठेवायचं आणि पडला की त्यातून भर घालायची, हे सभेत ठरलंय. मला सगळ्यात जास्त हेच पटलं. फळपीक विमाही काढणार आहे, पण त्याचा हिशेब महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर होतो, आपलं झाड बघून नाही. एकट्या त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

घरखर्चाची काळजी नको. मृगाच्या चुकाऱ्यातून वर्षाचा घरखर्च आणि औषधांचे पैसे वेगळे काढलेत, आई, दर महिन्याला तुझ्या खात्यात येतील. मोरीत कमोड बसवून घेतला, शेजारी धरायला दांडी लावली. बाबांचा पलंग खिडकीकडे सरकवलाय, पडल्या पडल्या गोठा दिसतो. कपिला नीट चरते. लोणच्याची बरणी उन्हात ठेवून परत आत घेतली.

काल गल्लीतली पोरं लाकडी नंदी घेऊन आली होती. माझ्यासाठी तुम्ही आजीशी भांडला होता, "पोरीचा बी नंदी असते!" आणि खांद्यावर बसवून घरोघर फिरवलंत. माझ्या नावाचा सातबारा हातात घेतला की मला तेच आठवतं. फोडीवरचे पांढरे धागे काढून बिया वेचून तुम्ही भरवायचे, अजून तसं कुणी सोलून देत नाही.

आता ऐका. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. तंबाखूचा खर्रा बंद म्हणजे बंद, सोसायटीच्या वॉचमनकडेही मागायचा नाही. दादाच्या घरी संध्याकाळी गच्चीवर फिरायचं, जिने चढायचे नाहीत, लिफ्टने जायचं. आई, तू यांच्या मागे लागून स्वतःचं बीपी विसरू नकोस, आणि वहिनीला स्वयंपाकात सारखं टोकू नकोस, ती खूप करते. शेठला फोन लावायचा नाही, काही विचारायचं तर मला विचारा, कितीही वेळा.

फेरतपासणी झाल्याशिवाय वरूडची गाडी धरू नका. तोडणी लागली की मीच घ्यायला येते. मजुरांना कात्री कशी धरायची ते तुम्हीच दाखवा, पण खुर्चीवर बसून.

तुमची,
लेक