मॅडम, तो शेवटचा षड्ज ठेवलात त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे आता कळलंय. पण आकाशवाणीवर तुमच्या कार्यक्रमात आमच्या बाईंचा मारवा राग लागला तेव्हापासून कोणाला तरी सांगावंसं वाटतंय आणि फोनवर नीट बोलताच आलं नाही मला, रडूच यायला लागलं. म्हणून लिहूनच टाकते, आणि सगळ्यांसमोर लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. बाई म्हणजे आमच्या गाण्याच्या बाई. सत्तरी ओलांडलीय, आयुष्यभर शिकवत आल्या, मोठ्या मैफली कधी मिळाल्या नाहीत आणि त्यांनी मागितल्याही नाहीत. पण कविता वाचून बंदिश सुचणं हे त्यांचं वेगळंच आहे. भावगीतासारखी चाल लावत नाहीत, कविता आधी मनात मुरू देतात, मग तिचा राग शोधतात, मग बंदिशीचे शब्द स्वतः बांधतात. बालकवींच्या संध्याकाळच्या एका कवितेवरून त्यांनी मारव्यात अशी बंदिश केलीय आणि मूळ कवितेची एकच ओळ त्यात जशीच्या तशी ठेवलीय, ती अगदी शेवटी येते.

मारवा ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक आहे, त्यात पंचम म्हणजे प नाहीच, आणि षड्जावर, म्हणजे सा वर, लवकर टेकायचं नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यातच फिरत राहायचं, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि खूप वेळाने षड्ज आला की एकदम हायसं वाटतं. बाईंनी ती कवितेची ओळ त्या षड्जावर आणून ठेवलीय. म्हणजे शेवट कापला तर बंदिश कापली, कविता कापली, रागसुद्धा कापला. मागे तंबोऱ्यावर मी होते, पहिली तार निषादाला लावलेली, ती ओळ आली की माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

आणि नेमका हाच शेवट आजवर सगळ्यांनी कापला!

एका महोत्सवात बाईंना अगदी थोडा वेळ दिला आणि आलापी रंगात आली तेव्हाच विंगेतून हाताने आवरा आवरा सुरू झालं, पुढे पाहुण्यांचा सत्कार होता म्हणे. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं कविता वगैरे नको हो, एखादं नाट्यगीत होऊन जाऊ दे, लोकांना ओळखीचं लागतं. आणखी एकांनी व्हिडिओ केला, छान लायटिंग वगैरे, आणि इंटरनेटवर टाकताना शेवटची तीन मिनिटं उडवली कारण तेवढं लांब कोणी बघत नाही. विचारलंही नाही. बाई कोणाला काही बोलल्या नाहीत, बोलत नाहीतच त्या. राग मलाच आला आणि अजून आहे.

त्यामुळे तुमच्याकडे रेकॉर्डिंग थोडं लांबलं आणि कार्यक्रम तर अर्ध्या तासाचाच, पुढे बातम्या, तेव्हा मी मनात म्हटलं झालं, आता इथेही आवाज हळूहळू बारीक करत नेणार. रेडिओला एक मिनिट इकडचं तिकडे करता येत नाही हे मलाही कळतं.

मॅडम, तुम्ही स्वतःची प्रस्तावना कापलीत. इतकी सुंदर लिहिली होतीत, रेकॉर्डिंगच्या आधी बाईंना वाचून दाखवली होतीत, त्यात बालकवी होते, मारवा होता, बाईंचं सगळं काम होतं. ती जाऊन उरली फक्त नावं, गायिकेचं, कवीचं, तबला आणि पेटीवाल्यांचं, आणि हो, तंबोऱ्यावर कोण होतं तेही. तंबोरेवाल्यांचं नाव कोण घेतं सांगा? जिचा रोजचा धंदाच आवाजाचा आहे तिनेच स्वतःचा आवाज कमी करून दुसरीचा षड्ज वाचवला, आणि याबद्दल आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही, प्रसारण ऐकलं तेव्हा कळलं.

लोक म्हणतील सरकारी रेडिओ आहे, कामच आहे त्यांचं. पण याच रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. म्हणजे संस्था तीच असते, खुर्चीत कोण बसलंय आणि तो माणूस कान देऊन ऐकतो का यावर सगळं ठरतं. गीतरामायणाचंच बघा, १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून सुरू झालं, वर्षभर चाललं, छप्पन्न गाणी झाली. गदिमा आणि बाबूजी घराघरात पोचले, पोचायलाच हवेत, पण ज्यांच्या डोक्यात ही कल्पना आली ते आकाशवाणीचे सीताकांत लाड किती जणांना आठवतात? तुमच्या कामाचं असंच आहे मॅडम, नीट झालं तर दिसतच नाही.

आणि कविता न् रागदारी काही परक्या नाहीत एकमेकींना. भा. रा. तांबे तर आपल्या कवितांवर राग आणि ताल लिहून ठेवत, पुढे कुमार गंधर्वांनी त्यांच्या कवितांची अख्खी मैफल केली. गावोगाव असं करणारे लोक अजून आहेत, फक्त त्यांना शेवटपर्यंत ऐकून घेणारं कोणी लागतं. रेडिओवर ते ऐकायला तिकीट नको, महागडा फोन नको, आणि मारवा संध्याकाळीच लागतो, हे किती मोठं आहे!

बाईंनी प्रसारण संपल्यावर रेडिओ बंद केला आणि मला एवढंच म्हणाल्या, "पूर्ण लागलं गं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं.

ती प्रस्तावना तुमच्याकडे लिहिलेली असेल तर पाठवाल का मॅडम? बाईंना ती त्यांच्या बंदिशींच्या वहीत लावून ठेवायचीय. त्या स्वतः मागायला संकोचतायत, म्हणून मी मागतेय.

मनापासून आभार.

तुमची,
मागे तंबोऱ्यावर बसलेली