ग्वाल्हेरला, मंदारला

रामबाग, इंदूर

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

एआयबीईचा, म्हणजे वकिलांच्या अखिल भारतीय बार परीक्षेचा, तुझा नापासाचा निकाल कळला. फोनवर तू एका दमात तीन प्रश्न विचारलेस: कोर्टात जाणं थांबवू का, इंदूरला येऊन क्लास लावू का, की पीथमपूरच्या कंपनीतली लीगलची नोकरी धरू. तिन्हींना माझं उत्तर नाही असंच आहे, पण कारणं फोनवर सांगण्यासारखी नाहीत. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी एक काम कर. जबलपूरहून आलेलं स्टेट बार कौन्सिलचं तात्पुरत्या नोंदणीचं प्रमाणपत्र काढ आणि त्यावरची तारीख बघ. त्या तारखेत दोन वर्षं मिळव, ती एक तारीख. तीन वर्षं मिळव, ती दुसरी. दोन्ही कपाटाच्या दारावर लिहून ठेव. तुझं सगळं नियोजन या दोन तारखांवर उभं आहे, निकालावर नाही.

पहिली तारीख परीक्षेची. तात्पुरत्या नोंदणीवर दोन वर्षं वकिली करता येते, आणि तेवढ्या मुदतीत एआयबीई पास व्हावं लागतं. किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही, फक्त अर्ज आणि फी दर वेळी नव्याने. म्हणजे आज तू नापास असलास तरी तुझा काळा कोट कोणी काढून घेतलेला नाही. दोन वर्षं उलटली आणि परीक्षा राहिली, तर मात्र पास होईपर्यंत हात बांधलेले. तोवर वकालतनाम्यावर एकही सही करायची नाही, सीनियर "कर रे, कोण बघतंय" म्हणाले तरी. हक्क नसताना वकिली केली तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

दुसरी तारीख तुझ्या मनातल्या व्यवहार न्यायाधीशाच्या (सिव्हिल जजच्या) परीक्षेची. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, आणि ही तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची, एआयबीई पास झाल्यापासून नाही, असं स्पष्ट सांगितलं. तुझे मागचे महिने वाया गेले असं काका म्हणतात ना, त्यांना हे वाचून दाखव. पण अनुभव कागदावर सिद्ध करावा लागतो. किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर जिल्ह्याच्या प्रधान न्यायिक अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण, असा तो रस्ता आहे. ऐन वेळी दाखला मागायला गेलं की सीनियरना काही आठवत नाही. त्यामुळे रोजची डायरी ठेव: तारीख, कोर्ट, प्रकरण क्रमांक, काय झालं. वकालतनाम्यात सीनियरबरोबर स्वतःचं नाव घाल, आणि ज्या ऑर्डरशीटवर तुझी हजेरी आहे तिची नक्कल महिन्याला एक-दोन तरी जपून ठेव.

म्हणून कोर्ट सोडू नकोस, आणि याच कारणासाठी पीथमपूरही आत्ता नको. पूर्णवेळ पगाराची नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करता येत नाही. बार कौन्सिलला कळवावं लागतं आणि तीन वर्षांची मोजणी तिथेच अडकते. कंपनीत जायचंच असेल तर ते मनाशी पक्कं करून जा, न्यायाधीश व्हायचं खूळ डोक्यात ठेवून नाही. तोवर पैशाचं काय, हा प्रश्न खरा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनियरला महिना २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. चेंबरमध्ये तिचा उल्लेख केलास तर चहा मिळेल. त्यापेक्षा टायटल सर्चचं काम माग. बँकेच्या कर्जासाठी जुन्या रजिस्ट्र्या, खसरा (जमिनीची नोंद) आणि नामांतरण काढून मालकीची साखळी लावायची. कंटाळवाणं आहे, पण मालमत्ता हस्तांतरण कायदा त्यातून जितका पक्का होतो तितका क्लासमध्ये होत नाही.

आता परीक्षा. १०० प्रश्न, साडेतीन तास, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटं. खुल्या वर्गाला आणि ओबीसींना ४५ टक्के लागतात, चुकीला गुण कापत नाहीत. एवढं सोपं दिसतं म्हणूनच माणसं पडतात. बेअर अ‍ॅक्ट (नुसता मूळ कायदा छापलेली पुस्तकं) नेता येतात, तेव्हा तिथे बसून शोधू असं प्रत्येकाला वाटतं. ज्याने कायदा आधी वाचलेला नाही त्याला कलम शोधायला पाच मिनिटं लागतात. असे वीस प्रश्न झाले की शंभर मिनिटं गेली आणि शेवटचे तीस प्रश्न घाईत. अंतिम उत्तरतालिका समोर ठेव, आठवतील तेवढी उत्तरं ताडून बघ आणि प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिही: माहीत नव्हतं, शोधताना वेळ गेला, की प्रश्न नीट वाचला नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि क्लास फक्त पहिल्यावर चालतो. म्हणून क्लासही नको.

गुण कुठे आहेत ते बघ. संविधान १०, दिवाणी प्रक्रिया १०, नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी प्रक्रिया) १०, न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा) ८, साक्ष्य अधिनियम ८, कौटुंबिक कायदे ८, आणि करार-मालमत्ता-विशिष्ट अनुतोष-परक्राम्य लेख (चेक-हुंडी) मिळून ८. सात गठ्ठ्यांत ६२ गुण. त्यानंतर लवाद, जनहित याचिका, वकिलीची नीती, श्रम आणि कर, प्रत्येकी ४, म्हणजे २०. उरलेल्या १८ मध्ये अपकृत्य व ग्राहक ५, प्रशासकीय ३, आणि दोन-दोन गुणांचं किरकोळ सामान. पहिल्या गठ्ठ्यांत ६५ टक्के आले तर ४०, दुसऱ्यांत निम्मे तर १०, आणि बाकीच्यांत नुसते गोळे भरले तरी चार-पाच. पंचावन्नच्या आसपास होतात. पंचेचाळीसचं लक्ष्य ठेवणारा चव्वेचाळीसवर थांबतो, हे ध्यानात ठेव.

सगळ्यात जास्त घसरतात ती नव्या-जुन्या कलमांवर. १ जुलै २०२४ पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले आणि काही आकडे मुद्दाम फसवायला ठेवल्यासारखे आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंतर्निहित अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंतर्निहित अधिकार गेले ५२८ मध्ये. पोटगीचं १२५ आता १४४, एफआयआरचं १५४ आता १७३, खुनाचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५-ब आता ६३. कोर्टात सगळे अजून जुनेच आकडे बोलतात, त्यामुळे कान रोज चुकीचं शिकवतो. चाळीस-पन्नास जोड्यांचा एक कागद कर आणि कोर्टात जुना आकडा ऐकलास की मनात नवा म्हण.

दुसरा सापळा मुदतींचा. चेक न वटल्याच्या प्रकरणात तीन मुदती एकामागोमाग येतात: चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. एकच विचारतात आणि पर्यायांत तिन्ही असतात. तसंच लेखी जबाबाचे ३० दिवस व कमाल ९०, सरकारला दिवाणी प्रक्रियेच्या कलम ८० ची नोटीस दोन महिने, ग्राहक तक्रार दोन वर्षं, लवादाच्या निवाड्याविरुद्ध कलम ३४ खाली तीन महिने आणि वर फक्त ३० दिवस.

माध्यमाबद्दल तू विचारलं होतंस. मराठीत पेपर देता येतो, पण तू देऊ नकोस. घरी आपण मराठी बोलतो, कायदा मात्र तू हिंदीत शिकलास. महाराष्ट्रातलं 'दिवाणी' आपल्याकडे 'व्यवहार', तिथला 'फेरफार' आपल्याकडे 'नामांतरण'. परीक्षेत असं मनातल्या मनात भाषांतर करत बसायला वेळ नाही. हिंदी घे आणि बेअर अ‍ॅक्टही हिंदीच. ते टिप्पणीविना हवेत; निवाड्यांच्या टिपा छापलेल्या प्रती दारावरच काढून घेतात. पेनाच्या खुणा आणि चिठ्ठ्याही नकोत, पर्यवेक्षकाशी हुज्जत घालण्यात मिनिटं जातात. गठ्ठाभर पुस्तकं नेऊ नकोस. दिवाणी प्रक्रिया, तीन नवे फौजदारी कायदे, संविधान, करार, मालमत्ता आणि लवाद एवढी बाकावर पुरतात.

वेळापत्रक चौदा आठवड्यांचं धर. कोर्टाआधी सकाळी दीड तास, रविवारी चार. पहिले सहा आठवडे दिवाणी प्रक्रिया, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य, कारण हे रोज कोर्टात दिसतं. पुढचे तीन संविधान व न्याय संहिता, दोन करार-मालमत्ता व कौटुंबिक, एक किरकोळ विषयांना. त्या आठवड्यात नीती आणि जनहित याचिका आधी उरक, दोन-दोन दिवसांत आठ गुण हातात येतात, कर शेवटी. श्रमाच्या चार नव्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहेत, तेव्हा जुन्या गाइडवर विसंबू नकोस, अभ्यासक्रमाचं परिपत्रक बघ. शेवटचे दोन आठवडे मागचे पेपर, घड्याळ लावून, साडेतीन तास न उठता.

परीक्षेत पहिल्या दोन तासांत पुस्तक न उघडता येतील तेवढे प्रश्न सोडव, मग तासभर शोधायचे, आणि शेवटची तीस मिनिटं ओएमआरला, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेला. रोल नंबर आणि प्रश्नपुस्तिकेचा संच सगळ्यात आधी, पुस्तिका हातात येताच भर. संच चुकला तर बरोबर उत्तरंही मातीमोल. एकही गोळा रिकामा ठेवू नकोस.

नोंदणीची तारीख आणि चुकांचा तो कागद रविवारपर्यंत पाठव. माझ्याकडचे हिंदी बेअर अ‍ॅक्ट कोरे आहेत, पण संविधान सोडून. ते तू तिथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात बघून घे. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध