मनुके पोचले, पण...

लेस्टर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मनुक्यांचं पार्सल पोचलं. पिशवी फोडली आणि स्वयंपाकघरात पिंपळगावचा वास सुटला. रोज रात्री पंधरा भिजत घालते, सकाळी पाण्यासकट खाते. पण आई, माझं रक्त मनुक्यांनी वाढणारं नाही. फोनवर 'थॅलेसेमिया' ऐकलंस आणि रडायलाच लागलीस, म्हणून लिहून पाठवतेय.

मला आजार नाही. मी फक्त वाहक आहे, थॅलेसेमिया मायनर: हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकांच्या जोडीतलं एक बिघडलेलं, दुसरं धड. हिमोग्लोबिन 10.2 आलं. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, त्यानं ते थोडं उतरतंच. 11च्या खाली गेलं की अॅनिमिया धरतात. नर्सनं मात्र दुसऱ्याच आकड्याखाली पेनानं रेघ मारली: एमसीव्ही 64. तांबड्या पेशीचा आकार तो, 80च्या वर हवा. पेशी बारीक दिसल्या की सगळे लोहाच्या मागे लागतात. माझं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, 58 निघालं, चांगलं. मग हिमोग्लोबिनचे प्रकार मोजले, एचपीएलसी करून. त्यात एचबीए-2 5.2 टक्के, एरवी ते साडेतीनच्या आत असतं. लगेच अमेयचं रक्त घेतलं. तो नॉर्मल आहे, त्यामुळे बाळ फार तर माझ्यासारखं होईल.

हे तुझ्याकडून आलं किंवा बाबांकडून. ('आमच्या घराण्यात असलं काही नाही' म्हणतील. त्यांचंही रक्त द्यायला लाव.) मला तुझाच संशय आहे. जन्मभर तुझं 'रक्त कमी'. लोखंडी कढई, बीट, खजूर, गोळ्यांच्या पट्ट्या, वर आजीचं 'नीट खात नाहीस'. खात होतीस गं तू.

खरी काळजी चिऊची. तिसरा महिना, हिमोग्लोबिन 9.8, आणि हातात नुसत्या गोळ्या. सख्ख्या बहिणी आम्ही, माझ्यासारखं तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. तिच्या रिपोर्टात एमसीव्ही बघा, डॉक्टरांना फेरिटिन आणि एचपीएलसीचं विचारा. ती वाहक निघाली तर जावईबापूंचं रक्त त्याच दिवशी. मानपान नंतर, सुईच टोचायची आहे. दोघंही वाहक असले तर दर खेपेला चारात एक शक्यता थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे त्या लेकराला जन्मभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवायचं. पोटातल्या बाळाचं अकराव्या आठवड्यापासून वारेच्या तुकड्यावरून कळतं. म्हणून 'डोहाळजेवणानंतर बघू' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

कपाटातल्या निळ्या फाइलमधले तुझे जुने रिपोर्ट काढ आणि फोटो पाठव. बाबांना नमस्कार.

तुझी,
सोनू

ता. क. चिऊनं गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. वाहकाचंही लोह कमी असू शकतं. फक्त चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. लिंबाच्या सरबताबरोबर घे म्हणावं.