बाबा, आत्याची फाईल हवी आहे

पुणे
९ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र नेहमीसारखं आई मोठ्याने वाचणार आणि बाबा डोळे मिटून ऐकणार, हे धरूनच लिहितेय. मधे काही वाक्यं अशी येतील की आईचा आवाज खाली जाईल आणि बाबा, तुम्ही ‘जरा गेटपर्यंत जाऊन येतो’ म्हणून उठाल. उठू नका. या पत्रातलं खरं काम तुमच्याकडेच आहे. फोनवर सांगितलं असतं, पण आपल्याकडचा फोन कायम स्पीकरवर आणि सोप्यात कायम कुणीतरी चहाला.

पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे. आजार नाही, काही निघालेलं नाही. माझी डावी छाती उजवीपेक्षा बरीच लहान आहे, हे आईला माहीत आहे. बाबा, तुम्हाला ते माहीत आहे की नाही, हे मला या वयापर्यंत कळलेलं नाही. तर माझ्याच मांड्यांतली आणि पोटावरची चरबी काढून त्या बाजूला भरायची आहे. बाहेरचं काहीही अंगात घालायचं नाही. तुमच्या जावयांना सगळं माहीत आहे. त्यांचं म्हणणं, ‘मला काही कमी वाटत नाही, पण तुला करायचं तर कर.’ मला करायचं आहे.

आई, आठवीत असताना तू माझ्या बॉडीसला आतून एक घडी शिवून दिली होतीस. आजीच्या जुन्या पातळाचा तुकडा, चौपदरी, कडेने बारीक धावदोरा. धुतल्यावर ती घडी लवकर वाळायची नाही, म्हणून तू दोन केल्या होत्यास. पुढे ब्लाउज आले तेव्हा शिंप्याला कळू नये म्हणून माप तूच घेऊन जायचीस, आणि घरी आल्यावर डाव्या कटोरीत अस्तराखाली आपलं काम करायचीस. आपण दोघी यावर एक अक्षर बोललो नाही. लग्नातला शालूचा ब्लाउजसुद्धा तसाच. मला त्याचा राग कधीच नव्हता. मापाचा टाका घालण्यातली तुझी सफाई आता पैसे देऊनही मिळत नाही.

पण बाळंतपणाला आले होते तेव्हा तू एकदाच बोललीस. बाळ डावीकडे पोट भरत नव्हतं, उजवीकडेच चालायचं, आणि तू रात्री दिवा घालवल्यावर म्हणालीस की हे सगळं त्या ग्रहणाने झालं. १६ फेब्रुवारी १९८०. पलीकडे कारवार-अंकोल्याकडे खग्रास, आपल्या गडहिंग्लजलाही जवळजवळ सगळा सूर्य झाकलेला. तुला पाचवा महिना. दारं-खिडक्या लावून बसवलं होतं, आणि काकूचा धाकटा भुकेने रडायला लागला म्हणून तू विळीवर कांदा चिरलास. एवढंच. त्या कांद्याचं ओझं तू शेहेचाळीस वर्षं वागवते आहेस.

आता नीट ऐक. छाती जिथे यायची असते तिथली पहिली खूण पोटातल्या बाळात पाचव्या-सहाव्या आठवड्याला उमटते. माझा जन्म जूनमधला. म्हणजे ते काम दिवाळीच्या आगेमागेच उरकलं होतं, ग्रहण आलं तोवर सगळं केव्हाच मांडून झालेलं. खरा फरक पडतो तो वयात येताना: शरीरातून दोन्हीकडे सारखाच निरोप येतो, एक बाजू तो ऐकते, दुसरी तेवढा ऐकत नाही. असं का होतं, हे बहुतेक वेळा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. थोडाफार फरक तर बहुतेक बायकांत असतोच, माझ्यात तो नजरेत भरण्याइतका आहे. यात तुझा कांदा कुठेच बसत नाही.

एवढ्या वर्षांनी आत्ताच का, असं बाबा विचारतील. पंचेचाळीस झाली म्हणून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घेतली. रिपोर्ट साफ आला, पण त्यात दोन्ही बाजूंच्या आकारातला फरक लिहिला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, ‘याचा त्रास होतो का?’ आजवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. घरी येऊन विचार केला तर होता. पोहायला जाणं सोडलं ते त्यामुळे. ब्राच्या दुकानात कायम एकटीने जाते. सिलिकॉनचा पॅड उन्हाळ्यात घामाने सरकतो आणि बँकेत काउंटरवर उभी असताना तो जागेवर आहे ना, हे कोपराने चाचपायची सवय लागली आहे. हे जगणं मोडण्यासारखं मोठं दुखणं नाही. पण मला ते आणखी वीस वर्षं नको आहे.

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची पिशवी हा दुसरा मार्ग. तो मी सोडला. ती पिशवी जन्मभराची नसते, पुढे कधीतरी काढावी किंवा बदलावी लागण्याची शक्यता असते. शरीर तिच्याभोवती स्वतःचं आवरण धरतं आणि कधीकधी ते आवळून कडक होतं. २०१९ साली एका मोठ्या कंपनीने खरखरीत पृष्ठभागाच्या पिशव्या जगभरातून परत मागवल्या, कारण त्यांच्याशी लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मिळ प्रकाराचा संबंध दिसला होता. सगळ्यांना तसं होत नाही, हे खरंच. हजारो बायका सुखाने वापरतात. पण साठीत पुन्हा टेबलावर जायची माझी तयारी नाही.

चरबीचं काम असं चालतं. आधी मांडीत खारं पाणी सोडतात, त्यात भुलीचं औषध आणि रक्तस्राव कमी करणारं ॲड्रेनलिन असतं. मग बारीक नळीने चरबी ओढून घेतात. ती स्थिरावली किंवा यंत्रात फिरवली की तेल वर येतं, पाणी खाली बसतं आणि मधली चांगली चरबी छोट्या सिरिंजमध्ये भरतात. छातीवर दोन-तीन मिलिमीटरची छिद्रं, टाका पडलाच तर एखादा. आणि मग बाबा, आपल्या आजऱ्याच्या शेतातली रोप लावण आठवा. पेंढी तशीच चिखलात खुपसली तर आतली रोपं कुजतात. काडी काडी सुटी लावली तरच मूळ धरते. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई नेमकं हेच करतात: नळी मागे घेत घेत चरबीचे धाग्यासारखे बारीक थर वेगवेगळ्या खोलीवर सोडत जायचं. नव्या जागी रक्तवाहिन्या तयार होईपर्यंत त्या पेशी आजूबाजूच्या झिरपणाऱ्या पोषणावर तगतात, आणि ते जेमतेम दीड-दोन मिलिमीटरपर्यंतच पोचतं. एका जागी गोळा टाकला की त्याचा गाभा मरतो.

त्यामुळे भरलेली सगळी चरबी टिकत नाही. साधारण अर्धी ते दोन तृतीयांश राहते, कुणाची त्याहून कमी. बाकीची शरीर शोषून घेतं. खरा आकार कळायला तीन ते सहा महिने लागतात. एका बैठकीत ब्राच्या मापाने फार तर एक कप वाढतो. माझा फरक त्याहून मोठा आहे, तेव्हा वर्षअखेरीला दुसरी बैठक लागेल असं त्यांनी आधीच सांगितलं आहे. हे आधीच सांगितलं म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्याआधी एकीकडे गेले होते तिथे ‘एकाच सिटिंगमध्ये परफेक्ट’ म्हणाले आणि हप्त्यांचा कागद पुढे सरकवला. तिथून उठले ती थेट रिक्षात बसले.

शिवाय त्या पेशी कुठेही बसल्या तरी मांडीच्याच राहतात. माझं वजन वाढलं तर त्या वाढणार, घटलं तर घटणार. म्हणून आई, यंदाच्या दिवाळीला बेसनाचे लाडू निम्मेच.

बाबांसाठी थोडा इतिहास. अंगाचाच भाग अंगाला लावायचा हे काही आजचं नाही, आणि त्यातली एक गोष्ट तुम्हीच वर्गात सांगायचात: टिपूने नाक कापलेला मराठा बैलगाडीवाला कावसजी, आणि पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला केलेलं नवं नाक. १७९४ च्या ऑक्टोबरात ते लंडनच्या मासिकात छापून आलं आणि विलायतेतले सर्जन शिकायला लागले. नाक करणाऱ्याचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही, यावर तुम्ही दरवर्षी चिडायचात. चरबीची गोष्ट त्यानंतर शंभर वर्षांनी. १८९३ साली नॉयबर नावाच्या जर्मन सर्जनने दंडातली चरबी चेहऱ्यावरच्या खळग्यात भरली. १८९५ मध्ये हायडेलबर्गच्या चेर्नीने एका गायिकेच्या स्तनातली गाठ काढल्यावर झालेला खड्डा तिच्याच पाठीवरच्या चरबीच्या गाठीने भरून काढला. सत्तरच्या दशकात नळीने चरबी ओढायची पद्धत आली आणि मग हे सोपं झालं.

पण १९८७ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनेच सांगितलं की स्तनात चरबी भरू नका. कारण मेलेल्या चरबीच्या जागी कॅल्शियमचे कण जमतात आणि मॅमोग्राफीत ते कर्करोगाच्या खुणांशी घोळ घालतील, अशी भीती होती. तंत्र सुधारलं, तपासण्याही सुधारल्या, आणि २००९ मध्ये त्यांनी भूमिका सैल केली. आता अनुभवी रेडिऑलॉजिस्टला बहुतेक वेळा फरक ओळखता येतो. पण माझी पहिली मॅमोग्राफी जपून ठेवायची आणि पुढे प्रत्येक वेळी चरबी भरल्याचं सांगायचं, हे आयुष्यभर पाळावं लागणार आहे. कधी एखादी गाठ लागली तर ती तेलाची निरुपद्रवी गाठ आहे की दुसरं काही, यासाठी सुई घालून तपासावीही लागेल. हा त्रास मी डोळे उघडे ठेवून पत्करते आहे. या चरबीमुळे कर्करोग वाढतो, असं आजवरच्या बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही.

आणि इथेच बाबा, तुमचं काम येतं.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत घराण्याचं विचारलं. मी म्हटलं, आईकडे कुणाला काही नाही. त्या म्हणाल्या, ‘आणि वडिलांकडे?’ मी क्षणभर गप्प. अक्काआत्या गेली तेव्हा मी कॉलेजला होते. आम्हा मुलांना ‘पोटाचं दुखणं’ एवढंच सांगितलं होतं. पण मिरजेहून आणल्यावर ती पदर कायम दोन्ही खांद्यांवरून घ्यायची आणि उजवा हात सुजलेला असायचा, हे मला आठवतं. आता त्याचा अर्थ लागतो. तिला स्तनाचाच कर्करोग होता ना?

या कर्करोगाचा आनुवंशिक दोष आईकडूनच येतो असा सगळ्यांचा समज. तसं नाही. वडिलांकडूनही ते सदोष जनुक तितकंच उतरतं, त्यांना स्वतःला काही झालेलं नसलं तरी. माझ्या बाबतीत तो धोका असेल तर डॉक्टरीणबाई हे ऑपरेशन थांबवतील आणि आधी रक्ताची तपासणी करायला सांगतील. म्हणून मला हवंय ते असं: आत्याला कितव्या वर्षी कळलं, पन्नाशीच्या आत की नंतर? एका बाजूला होतं की दोन्ही? पोटाचंही काही होतं का, म्हणजे अंडाशयाचं? तुमच्या मावशी आणि चुलत्यांच्या मुलींमध्ये कुणी? अक्काआत्याची मिरजेची फाईल तुम्ही लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, जमिनीच्या उताऱ्यांखाली ठेवली होतीत. फेकली नसणार, तुम्ही विजेचं बिलसुद्धा फेकत नाही. त्यातला बायोप्सीचा कागद सापडला तर धाकट्याला फोटो काढून पाठवायला सांगा. नाहीच सापडला तर आठवेल तेवढं आईला सांगा, ती लिहून घेईल. ताईलाही हे कळायला हवं, आणि तिच्या मुलीलाही.

ऑपरेशनमधल्या धोक्यांबद्दल: पेपरात चरबी काढताना दगावल्याच्या बातम्या येतात, त्या मीही वाचते. म्हणून पार्लरवजा ठिकाणी न जाता आयसीयू असलेल्या रुग्णालयात जातेय. सर्जन एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी झालेल्या आहेत, भूल द्यायला वेगळे डॉक्टर आहेत. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, दोन्ही बाजू पुरत्या सारख्या न होणं, हे सगळं संमतिपत्रात आहे आणि मी ते ओळ न ओळ वाचलंय. विमा यातलं काही देत नाही. पैसे माझ्या बचतीतले आहेत. तुम्ही पोस्टातली एमआयएस मोडायच्या गोष्टी करू नका.

एक रात्र रुग्णालयात, मग घरी. दुखणार ते छातीपेक्षा मांड्या. त्या काळ्या-निळ्या पडतील, काही आठवडे घट्ट पट्ट्याचा कपडा घालावा लागेल. छातीवर मात्र अजिबात दाब नको, पालथं झोपायचं नाही, जड उचलायचं नाही. आई, तू पंधरा दिवसांसाठी आलीस तर फार बरं होईल. फक्त तेल आणू नकोस. मालिश नाही, वाळूचा शेक नाही, बर्फ नाही. तिथली कातडी काही दिवस बधिर असते, भाजलं तरी कळणार नाही. हवं तर अळीव आण.

काकूला आणि शेजारी काय सांगायचं ते तू ठरव. ‘छोटं ऑपरेशन’ म्हटलंस तरी चालेल, मला लपवायचंही नाही आणि पाटीही लावायची नाही. फक्त ‘गर्भाशयाचं’ म्हणू नकोस, नाहीतर सगळ्या भेटायला येतील.

बाबा, वीस तारखेला डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे. त्याआधी कपाट उघडा.

तुमची,
धाकटी